अव्वाचा हात आणि बी.एस्सी.चं नाव

आदरणीय मॅडम,

मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेतलंय, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित आणि बायोलॉजी दोन्ही. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर जॉबर आहेत, म्हणजे लूम चालते ठेवणारे. आई आणि अव्वा, म्हणजे माझी आजी, दोघी विड्या वळतात. दोन वर्षांपूर्वी अव्वाचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. मला एक गोष्ट कळत नाही. हात मांडीवर रिकामा असला की थरथरतो, पण विडी वळायला घेतली की थरथर थांबते. हात हळू चालतो, पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता दोनशेसुद्धा होत नाहीत, पण तेवढा वेळ थरथरत नाही. असं का, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळ्या वेळेवर द्या.

तेव्हापासून मेंदूबद्दल मिळेल ते मी बघते, वाचते. बायोलॉजीतला कंट्रोल अँड कोऑर्डिनेशनचा धडा माझा पाठ आहे. मला न्यूरोसायन्समध्येच डिग्री करायची आहे. घरी म्हणतात नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दे, नाहीतर बी.एस्सी. करून बी.एड. कर. क्लासचे सर म्हणतात गणिताकडे लक्ष देऊ नको, नीटला लागत नाही. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आलंय, तीन वर्षांची बी.एस्सी. न्यूरोसायन्स. फी आणि राहणं धरून दहा लाखांच्या घरात जातं. मामा म्हणतो लोन काढू. बाबा काहीच बोलत नाहीत. सोलापुरात राहून न्यूरोसायन्स होणारच नाही का?

— एक विद्यार्थिनी, कुंभारी

•

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तू मला विचारलेलाच नाहीस, तो डॉक्टरांना विचारून झाला होता. आधी तोच घेऊ. कॉलेज, फी, कर्ज कुठे पळून जात नाही.

१८१७ साली लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने सहा माणसांबद्दल एक छोटा निबंध लिहिला. त्यातल्या काहींना त्याने नुसतं रस्त्यात पाहिलं होतं. त्याने टिपलेल्या गोष्टींत ही एक होती, की जो अवयव कामात नसतो तो थरथरतो. घरकुलाच्या दारात बसून तू जे पाहिलंस तेच. आणि त्यालाही ते कोणी आधी शिकवलेलं नव्हतं.

अव्वाचा हात हळू का झाला, याचं उत्तर पुस्तकात बऱ्यापैकी सापडतं. मध्यमेंदूत काळपट रंगाच्या पेशींचा एक पुंजका असतो, त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात, आणि लक्षणं दिसायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. डोपामिन कमी पडलं की हालचाल सुरू करणं आणि तिचा वेग टिकवणं जड जातं. हजाराच्या दोनशे होतात त्या यामुळे. गोळीत बहुधा लेव्होडोपा असेल, मेंदूत पोचल्यावर त्याचं डोपामिन होतं. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, त्यामुळे कोणीतरी शेजारीण बी वाटून द्यायला सांगेलच. देऊ नकोस. बीमधून किती मात्रा पोटात जाते ते मोजता येत नाही, आणि गोळी चालू असताना ती जास्त होऊ शकते.

कंपाचं मात्र असं नाही. डोपामिन किती कमी झालं आणि हात किती थरथरतो, यांचा हिशेब नीट जुळत नाही. काही रुग्णांना कंप नसतोच, काहींचा कंप गोळीला फारशी दाद देत नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस हे भाग आणि लहान मेंदू यांच्यात संदेशांची चक्रं फिरत असतात. त्या चक्रांत कुठेतरी सेकंदाला चार ते सहा वेळा ठोका पडायला लागतो, आणि हात मुद्दाम कामाला लावला की तो ठोका मोडतो. का मोडतो, याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून कोणाकडेच नाही. तेव्हा डॉक्टरांवर रागावू नकोस. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना जगाला न सुटलेल्या प्रश्नावर बोलत बसायला त्यांना फुरसत कुठून असणार? गोळ्या वेळेवर देण्याचं त्यांनी सांगितलं, तेही चुकीचं नाही.

आता हा एकच प्रश्न घेऊन बसायचं म्हटलं तर काय काय लागेल बघ. डोपामिन कळायला केमिस्ट्री. सेकंदाला चार-सहा वेळा, ही झाली वारंवारिता, म्हणजे फिजिक्स. चक्रात ठोका टिकतो कसा आणि मोडतो कसा हे नेमकं मांडायला समीकरणं. पेशी मरतात का, हे बायोलॉजी. तुला मेंदू फक्त बायोलॉजीच्या एका धड्यात दिसला, कारण तिथे त्याचं चित्र काढलेलं आहे.

केमिस्ट्रीचं पुस्तक काढ. त्यात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा आहे आणि त्यात नर्न्स्टचं समीकरण आहे, दोन बाजूंच्या प्रमाणातल्या फरकावरून विजेचा दाब किती होतो ते सांगणारं. मुलं ते उदाहरणापुरतं शिकतात आणि परीक्षेच्या हॉलमध्येच सोडून येतात. तेच समीकरण चेतापेशीला लावून बघ. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४०, बाहेर साधारण ४, दोन्ही मिलिमोल प्रति लिटर. ४ ला १४० ने भाग, लॉग काढ, शरीराच्या तापमानासाठी ६१ ने गुण. उणे ९४ मिलिव्होल्टच्या आसपास येईल. शांत बसलेल्या चेतापेशीच्या पडद्यावर खरोखर मोजलं तर उणे ७० च्या जवळपास मिळतं. मग मधल्या वीस-पंचवीस मिलिव्होल्टचं काय झालं? पडद्यातून थोडं सोडियमही आत गळत असतं, मुख्यतः त्याचा तो परिणाम. ही एवढी वजाबाकी ज्या मुलीला मजेशीर वाटते तिने न्यूरोसायन्सकडे जावं. जिला कंटाळा येतो तिला मेंदूच्या गोष्टी आवडतात, आणि तेही वाईट नाही, पण त्यासाठी डिग्री लागत नाही.

मी हे इतकं रंगवून सांगतेय कारण माझं स्वतःचं घोडं याच समीकरणापाशी अडलं होतं. मी सोलापुरातच बी.एस्सी. झूऑलॉजी केलं, १९८०च्या दशकात. गणिताला दहावीनंतर रामराम ठोकलेला. प्रॅक्टिकलला बेडकाची सायटिक नर्व्ह आणि पोटरीचा स्नायू, आणि कायमोग्राफचा काजळी धरलेला ड्रम. विजेचा झटका दिला की स्नायू आखडायचा, सुई काजळीवर ओरखडा काढायची, आणि आम्हा मुलींचे हात कोपरापर्यंत काळे. मला वाटलं, आपण न्यूरोसायंटिस्ट झालो. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, पडद्यावर उणे ७० च का? मी ऐटीत म्हणाले, सोडियम-पोटॅशियम पंपामुळे. त्या म्हणाल्या, पंपाचा वाटा फार लहान आहे, नर्न्स्ट लिहून दाखवा. मला नाव आठवलं, समीकरण नाही. फळ्यापुढे खडू घेऊन उभी राहिले आणि लॉगच्या आठवणीनेच पोटात गोळा आला. अर्थात घेतलं नाही त्यांनी, आणि बरोबरच केलं. नंतर दोन वर्षं भाच्याची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं घेऊन बसले, तेव्हा कुठे दुसरीकडे जागा मिळाली. पंचविशीत लॉग शिकणं सतराव्या वर्षी शिकण्यापेक्षा फार लाजिरवाणं असतं.

तेव्हा गणित सोडायचं नाही. बाकी सगळ्यावर घरात वाद होऊ देत, यावर नको. तुझ्या सरांचं म्हणणं नीटपुरतं खरं आहे, ते नीट शिकवतात. पण चेतापेशीतून संदेश कसा धावतो हे ज्या कामाने पक्कं झालं, ते हॉजकिन आणि हक्सली यांचं १९५२ चं काम म्हणजे अवकल समीकरणांचा गठ्ठा आहे. स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर त्यांनी मोजमापं केली. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा मोकळा नव्हता, म्हणून हक्सलीने हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं. तुला दांडा फिरवावा लागणार नाही, पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकावी लागेल. ते मोबाइलवरही सुरू करता येतं.

आता त्या माहितीपत्रकाकडे येऊ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं सगळ्याच नव्या कोर्सांचं असतं असं मी म्हणणार नाही. पण भारतात पदवीच्या पातळीवर न्यूरोसायन्स हे नाव अजून नवंच आहे. परदेशात ते सर्रास असतं, तिथे त्यामागे प्रयोगशाळांची रांग उभी असते. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला सुरू होतो, आणि तिथे येणारी माणसं वेगवेगळ्या गल्ल्यांतून आलेली असतात: झूऑलॉजी, फिजिक्स, इंजिनिअरिंग, सायकॉलॉजी, एमबीबीएस. त्यामुळे अठराव्या वर्षी पदवीवर न्यूरोसायन्स छापलेलं नसलं तर काही बिघडत नाही. उलट छापलेलं असून खाली पाया नसला तर बिघडतं.

त्या विद्यापीठाला फोन कर, किंवा मामाला करायला लाव, त्याला हौस दिसतेय. तीन वर्षांचा सगळा अभ्यासक्रम मागव, नुसती विषयांची नावं नकोत. पहिल्या वर्षी गणित आणि फिजिक्स आहे का बघ. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांचं स्वतःचं संशोधन चेतासंस्थेवर चालू आहे ते विचार, आणि त्यांची नावं घेऊन इंटरनेटवर शोध. प्रॅक्टिकलला मुलं हाताने काय करतात? प्लास्टिकच्या मेंदूचे भाग ओळखणं म्हणजे प्रॅक्टिकल नव्हे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कुठे झाले, मागच्या तुकडीची मुलं आज कुठे आहेत? आणि एक प्रश्न आपल्यासारख्यांच्या घरात फार महत्त्वाचा, तो माहितीपत्रकात कधीच नसतो. ही पदवी घेऊन उद्या बी.एड. करायचं ठरलं, किंवा झूऑलॉजीच्या एम.एस्सी.ला जायचं ठरलं, तर चालेल का? पुष्कळ ठिकाणी पात्रतेत विषयाचं नाव लिहिलेलं असतं, आणि खिडकीतल्या कारकुनाला न्यूरोसायन्स म्हणजे झूऑलॉजीच हो, हे पटवणं सोपं नसतं. या प्रश्नांची लेखी उत्तरं आली तर पुढचा विचार करू. ‘एकदा कॅम्पसला या, मग बोलू’ असं उत्तर आलं तर जाऊ नका.

मी तुझ्या जागी असते तर दहा लाखांचं कर्ज काढून तिथे गेले नसते. हे माझं मत आहे, आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे.

मी आयएटी दिली असती. आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, त्यांची ही प्रवेश परीक्षा. देशात सात आयसर आहेत, त्यातली पुण्याची पाषाणला आहे, २००६ पासून. पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, सुरुवातीला सगळ्यांना बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित, फिजिक्स, नंतर आपापली वाट, आणि शेवटी एक मोठा संशोधन प्रकल्प. पुण्याच्या आयसरमध्ये चेतासंस्थेवर काम करणारे प्राध्यापक आहेत. परीक्षेत ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५, वेळ तीन तास. गणित सोडलेल्या मुलीचा चौथा हिस्सा तिथेच बुडाला. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, चार वर्षांची बीएस पदवी आहे, २०११ मध्ये सुरू झालेली, आणि त्याच आवारात न्यूरोसायन्सचं स्वतंत्र केंद्र आहे. तिथेही आयएटीच्या गुणांवर अर्ज करता येतो. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईच्या कालिन्यातलं सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी नेस्ट नावाची वेगळी परीक्षा असते. या सगळ्या परीक्षांचे प्रश्न नीटसारखे पाठांतरावर भागत नाहीत, जुन्या प्रश्नपत्रिका आजच उतरवून घे. अर्जाच्या तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच बघायच्या, क्लासच्या ग्रुपवरून नाही.

आणि कागदपत्रं. हे रटाळ आहे पण दरवर्षी मुलं इथेच अडकतात. केंद्र सरकारच्या संस्थेत आरक्षित जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा नॉन-क्रीमिलेअर चालत नाही. राज्याच्या यादीतला आपला प्रवर्ग आणि केंद्राच्या यादीतला प्रवर्ग कधी कधी वेगळा असतो. दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकून टाक, जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

समजा आयएटीत नाही जमलं. हजारो हुशार मुलांचं जमत नाही. मग सोलापूर आहेच, आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे द्यायचंय, कारण त्या ‘होणारच नाही का’ मधला सूर मी गेली तीस वर्षं ऐकतेय.

सोलापुरात न्यूरोसायन्स या नावाची पदवी करायला मिळणार नाही. न्यूरोसायन्स करता मात्र येईल. केगावच्या आपल्या विद्यापीठाखालच्या एखाद्या कॉलेजात झूऑलॉजी मेजर घे, केमिस्ट्री सोडू नको, आणि नव्या रचनेतलं चौथं संशोधनाचं वर्ष मिळालं तर तेही घे. झूऑलॉजीच्या प्रयोगशाळेत जेनेटिक्ससाठी ड्रॉसोफिला असते, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारीक माशी. तिच्या मेंदूत साधारण १,३९,००० चेतापेशी. आपल्या मेंदूत ८६ अब्जांच्या आसपास. माशीच्या त्या सगळ्या पेशी एकमेकींना कुठे जोडलेल्या आहेत याचा पूर्ण नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही फुकट बघता येतो, कुंभारीतूनसुद्धा.

या माशीला पाळायला परदेशी साहित्य लागत नाही. रवा, गूळ, यीस्ट, अगर, आणि बुरशी येऊ नये म्हणून थोडं प्रोपिओनिक ॲसिड. मी कॉलेजात शिकवत असताना रवा आणि गूळ शिपायाला मंगळवारच्या बाजारातून आणायला सांगायचे, आणि ‘मॅडम, शिरा कधी?’ हा विनोद दरवर्षी नवीन म्हणून व्हायचा. या माशीची एक खोड आहे. काचेची नळी टेबलावर हलकेच आपटली की सगळ्या तळाशी पडतात आणि मग भराभरा भिंतीवर चढायला लागतात. दहा सेकंदांत किती जणी खुणेच्या वर पोचल्या ते मोजायचं. २००० साली शास्त्रज्ञांनी पार्किन्सनशी संबंधित असलेलं माणसाचं एक प्रथिन, अल्फा-सिन्युक्लिन, माशीच्या चेतापेशींत घडवून आणलं. त्या माश्यांच्या डोपामिनच्या पेशी वय वाढेल तशा कमी होत गेल्या आणि त्यांचं चढणं मंदावलं. तसल्या खास माश्या तुला कॉलेजात मिळणार नाहीत. पण साध्या माश्या म्हाताऱ्या होताना चढणं कसं बदलतं, उन्हाळ्यात आणि थंडीत काय फरक पडतो, हे एक घड्याळ, दोन नळ्या आणि चिकाटी यांवर होतं. त्यावर नीट संख्याशास्त्र लावलंस तर तो शेवटच्या वर्षाचा चांगला प्रकल्प आहे.

भारतात या माशीच्या चेतासंस्थेवर काम सुरू करणाऱ्यांत ओबैद सिद्दीकी हे मोठं नाव. अलीगढला शिकले, सुरुवातीचं काम बुरशीच्या जनुकांवर. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आले, आणि सेमूर बेन्झरबरोबर त्यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम केलं. बेन्झर मुळात फिजिक्सवाले. सोलापूरच्या मे महिन्यात आपणही लुळे पडतो, पण आपल्या जनुकांत तसा बिघाड नसतो. सांगायचं ते इतकंच, की या दोघांच्याही पदव्यांवर न्यूरोसायन्स नव्हतं.

बी.एस्सी. करता करता उन्हाळ्यात बाहेर पड. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला पाठवतात, विद्यावेतन देऊन. टीआयएफआरचाही असाच उन्हाळी कार्यक्रम आहे. अर्जात तू अव्वाच्या हाताबद्दल आणि माश्यांबद्दल लिहिशील. बाकीची मुलं ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असं लिहितात, वाचणारे कंटाळलेले असतात. पुढे एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम, गॅट-बी अशा परीक्षा, आणि मानेसरची एनबीआरसी, बेंगळुरूची निम्हान्स, एनसीबीएस, मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्थांची दारं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, रात्री परत. बाबांना बरोबर ने. त्यांनी यंत्रं बघावीत.

नीटबद्दल. तुला अव्वाला बरं करायचंय, का अव्वाला काय झालंय हे समजून घ्यायचंय? दोन्ही चांगलं आहे, पण आयुष्य वेगवेगळं. न्यूरोलॉजिस्ट व्हायला एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग एम.डी. तीन, मग डी.एम. तीन, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा परीक्षा. दिवसभर माणसं समोर, प्रत्येकाला दहा मिनिटं. संशोधकाला एकाच प्रश्नावर पाच वर्षं मिळतात आणि बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. तू कुठल्या गोष्टीने जास्त वैतागशील, ते तुलाच ठाऊक. सरकारी मेडिकलची जागा मिळाली, सोलापूरचं वैशंपायन कॉलेज म्हण, तर ती नाकारू नकोस असं मी म्हणेन. डॉक्टर होऊनही संशोधनाकडे वळता येतं, उलटा रस्ता अवघड आहे. पण केवळ नीटसाठी दोन-दोन वर्षं ड्रॉप घेत बसणं मला पटत नाही.

राहता राहिले बाबा. जॉबर माणूस आहे. ताण्यातला धागा तुटला की लूम थांबवून गाठ कुठे मारायची हे त्याला रोज बघावं लागतं. मला वाटतं ते गप्प आहेत ते एवढ्याचसाठी, की मध्येच काही तुटलं तर गाठ कुठे मारायची हे त्यांना या माहितीपत्रकात दिसत नाहीये. त्यांना हे सांग. पीएच.डी. करणाऱ्याला फी भरून शिकावं लागतं असं नाही, सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलीस तर मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी वर्षाला ८०,००० ची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, अर्ज निघाला की भरायचा. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी मदत आहे, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. ओळखपत्र नसेल तर आधी ते काढा. आणि हेही सांग, लपवू नकोस, की पीएच.डी.नंतरसुद्धा कायमची नोकरी लगेच मिळत नाही, तिशी उलटून जाते. बी.एड.ची वाट झूऑलॉजीच्या पदवीने उघडी राहते, ती गाठ मारायची जागा.

आता घरी जाऊन एक काम कर. अव्वाला आधी विचार, ती हो म्हणाली तरच. तिचा हात मांडीवर सैल ठेवू दे, आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा स्लो-मोशन व्हिडिओ घे. नंतर सावकाश लावून सेकंदाला किती हेलकावे होतात ते मोज. मग फायफॉक्स नावाचं फुकट ॲप उतरवून घे, मोबाइल तिच्या तळहातावर रुमालाने सैलसर बांध आणि त्यातल्या ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रमवर टोक कुठे येतं ते बघ. फोनच्या वजनाने आकडा बदलतो का, हे व्हिडिओशी ताडून तूच ठरव. मग तिला मनातल्या मनात शंभरातून सात-सात वजा करायला सांग आणि पुन्हा मोज. अशा वेळी बऱ्याच रुग्णांचा कंप वाढतो. गोळी किती वाजता घेतली ते वहीत लिही, गोळीची वेळ मात्र हलवायची नाही. तिला कंटाळा आला की बंद.

आकडे मला कळव. डाव्या हाताचे वेगळे लिही.